जो प्रश्न मी बहिणीला विचारला नाही

डॉक्टरांनी माझ्या बहिणीच्या दुखण्याचं नाव सांगितलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि खाडी ओहोटीने पार सुकली होती. नाव इंग्रजी होतं. एक्टोपिक प्रेग्नन्सी. मी अलिबागेत राहून इंग्रजी सहा यत्ता शिकलेला, पण हा शब्द मी कधी वाचला नव्हता. डॉक्टरांनी कागदावर पेरूसारखी एक आकृती काढली, तिला दोन बाजूंना दोन नळ्या काढल्या आणि एका नळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. गर्भ पिशवीत वाढायचा, तो वाटेतच या नळीत अडकून वाढला. नळी करंगळीहून बारीक. ती फुटली होती आणि रक्त पोटातल्या पोटात साठत होतं.

याला एकच उपाय, पोट उघडून नळी बांधायची. ते मुंबईलाच होणार. लाँच भरतीशिवाय धक्क्याला लागत नाही, आणि भरती साडेपाचला. दोन दिवसांपूर्वी कळलं असतं तर, असं म्हणून ते थांबले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत इंग्रजीत म्हणाले, "पण मास्तर, तुम्हीच मला सांगितलं होतंत की पाळी नियमित आहे."

 

हे मी लिहितो आहे ते कुणी माझी कीव करावी म्हणून नाही. आमच्या खारेपाटातून, म्हणजे या खाडीकाठच्या गावांतून, दर आठवड्याला कुणी ना कुणी होडीतून आपलं माणूस घेऊन दवाखान्यात जातं. डॉक्टरांची भाषा एक आणि त्यांची एक. मध्ये माझ्यासारखा दोन बुकं शिकलेला कुणी उभा केला जातो. त्या मधल्या माणसाने हे वाचावं.

चांगुणा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही मिठागरातली माणसं. वडील मी तीन वर्षांचा असताना गेले. आई आगरात जाई आणि मला चांगुणा सांभाळी. शाळा खाडीपलीकडे होती. चिखलातून ती मला खांद्यावर घेऊन जायची, मला तिथे बसवायची आणि परत येऊन टोपल्या वाहायची. ती स्वतः एक दिवस शाळेत बसली नाही. मी मास्तर झालो तेव्हा तिने गावभर बत्तासे वाटले आणि त्या दिवसापासून माझं नाव टाकून मला मास्तरच म्हणू लागली. "मास्तर, जरा पानी शेंदून दे. का तुजे बुकान नाय लिवलेला?" असं तिचं बोलणं.

तिचं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दाजी मीठ वाहणाऱ्या मचव्यावर खलाशी होते. ते मुंबईकडे गेले की महिना-पंधरा दिवस ती आमच्याकडे येऊन राही. त्या चैत्रात ती अशीच आली होती.

सोमवारी सकाळी ती चुलीपुढे बसल्या बसल्या वाकली. पोटात कळ आली म्हणाली. आईने ओवा दिला, शेकलं. दुपारी उठताना तिला अंधारी आली आणि ती भिंत धरून खाली बसली. तिला कधी आजारी पाहिलेलं मला आठवत नाही. मंगळवारी उजाडल्यावर मी शाळेला रजा टाकली आणि होडीने तिघं दवाखान्यात आलो.

आता दवाखान्याबद्दल सांगायला हवं. दहा खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक आया. डॉक्टर धारवाडकडचे. माणूस सज्जन, औषधाला हात चांगला. त्यांची घरची भाषा कानडी, शिक्षण इंग्रजीत, आणि मराठी पुस्तकातून शिकलेली. "आपणांस कोणत्या जागी वेदना होत आहेत?" असं ते आमच्या म्हाताऱ्यांना विचारायचे आणि म्हातारे मान डोलवायचे. आमच्याकडे साहेबाने काही विचारलं की मान डोलवायची पद्धत आहे. नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तिथे हिराबाई होती. नर्स. आमच्यातलीच, मिठागरातल्या घरातली. विसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा कुणा भल्या बाईने तिला मुंबईला नेऊन नर्सिंगचं शिक्षण दिलं होतं. ती होती तेव्हा डॉक्टर प्रश्न तिला सांगत आणि ती आमच्या बोलीत खाटेवर बसून, पाठीवरून हात फिरवत विचारून घेई. बाया तिच्यासाठी तीन-तीन खाड्या ओलांडून येत. "हिराबायचा दवाखाना" असंच म्हणत. डॉक्टरांचं नाव कुणाला ठाऊकही नव्हतं.

ती गेली त्यामागे कुठलं मोठं भांडण नव्हतं. कंपाउंडर तिच्या बोलण्याची नक्कल करून चार माणसांत हशा पिकवायचा. तपासणीला साहेब यायचे असले की तिला बजावलं जाई, वॉर्डात ती गावंढळ बोली बोलू नका. पाच वर्षं ती हंगामी होती. कायमची जागा निघाली तेव्हा दवाखाना चालवणाऱ्या कमिटीने शुद्ध लिहिता-बोलता येणारी बाई हवी अशी अट घातली. तशी बाई काही आली नाही. आणि हिराबाई एके दिवशी पेटी घेऊन लाँचवर चढली.

यात माझा हात होता. तोही सांगतो. ती जाणार असं कळल्यावर आमच्या तीन-चार गावांतली माणसं माझ्याकडे आली. कमिटीला अर्ज करू या, तू लिही, आम्ही आंगठे देतो. मी म्हटलं, परीक्षा होऊ द्या, मग बघू. परीक्षांचं निमित्त होतं. खरं असं की मला लाज वाटत होती. एकदा बाजारात हेडमास्तरांसमोर हिराबाईने मला आमच्या बोलीत हाक मारून आईची खुशाली विचारली होती. मी तिला "आई उत्तम आहेत, आभारी आहे" असं उत्तर दिलं होतं. आभारी आहे! त्या बोलीसाठी आता सहीचा अर्ज करायचा म्हणजे मी कोण ते सगळ्यांना दिसणार. शिकल्यासवरल्यांसारखं नव्यानेच उपरणं घ्यायला लागलेला माणूस मी. अर्ज राहिला.

तर मंगळवारी आम्ही दवाखान्यात पोचलो. चांगुणाला खाटेवर निजवलं. उशाशी आई, पायथ्याशी मी, समोर डॉक्टर. त्यांनी नाडी धरली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट वरवर दाबलं. मी इंग्रजी जाणतो हे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं. ते मला इंग्रजीत विचारू लागले आणि मी बहिणीला आमच्या बोलीत.

"बाय, कवापासून दुखतंय?"

"कालचे सकालपासून."

"कनचे बाजूला?"

तिने उजव्या हाताने खाली दाखवलं. उलटी झाली का, जुलाब आहेत का, ताप होता का. सगळं मी विचारलं आणि सगळं नीट सांगितलं. मला थोडी ऐट पण वाटत होती. आई कौतुकाने बघत होती.

मग डॉक्टर म्हणाले, शेवटची पाळी कधी आली ते विचारा. मध्ये काही रक्त गेलं का, तेही विचारा.

आजच्या मुलांना हे कळणार नाही कदाचित. आमच्याकडे बाई त्या चार दिवसांत बाजूला बसते तेव्हा घरातला पुरुष ती बाजूला का बसली हे विचारत नाही. त्याने पाहिलेलंच नसतं. भाऊ तर त्या बाजूने जात नाही. आणि ही तर चांगुणा, जिने मला वाढवलं. तिच्या तोंडाकडे बघून, आईच्या देखत, हे शब्द मी उच्चारायचे? माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. डॉक्टर वाट बघत होते.

मी तिला म्हटलं, "बाय, आनि काय तरास हाय का?"

तिने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "नाय," म्हणाली.

मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, "नाही सर, सगळं नियमित आहे."

एवढंच. वाक्य बोलायला चार सेकंदं लागली असतील.

डॉक्टर थोडे घुटमळले. आतून तपासायला हवं होतं, पण बाई नर्स नसताना मी स्त्रीला तसं तपासत नाही, असं ते म्हणाले. तुम्ही सांगता सगळं नियमित आहे, तर आतड्याचं काही दिसतं. कॉलिक, म्हणजे आतड्याला पीळ पडून येणारी कळ. त्यांनी मिक्स्चर दिलं, लंघन सांगितलं आणि दोन दिवस ठेवून घेतलं.

बुधवारी तिला बरं वाटलं. कळ ओसरली. ती बसून मला चिडवत होती. डॉक्टरांनी मघाशी मोडक्या मराठीत काय विचारलं त्याची नक्कल करत होती. "आपनास शौचास जाहले काय?" आई हसून हसून डोळे पुसत होती. मीही हसलो. मला वाटलं, सुटलो. जे विचारलं नाही ते विचारायची गरजच नव्हती.

संध्याकाळी ती म्हणाली, "मास्तर, खांदा दुखतंय रे. ह्यो उजवा."

मी हे डॉक्टरांना सांगितलं नाही. मिठाच्या टोपल्या वाहून आमच्याकडच्या सगळ्याच बायकांचे खांदे आणि माना दुखतात. त्यात सांगण्यासारखं काय? पुढे डॉक्टरांनी मला समजावलं की पोटात रक्त साठलं की ते वर पडद्याला लागतं आणि दुखणं खांद्यात उमटतं. ही खूण त्यांच्या पुस्तकात पहिल्या पानावर असते, आणि मी ती खूण सांगण्याच्याही लायकीची मानली नाही. तुमच्या माणसाने जे जे सांगितलं ते ते डॉक्टरांपर्यंत पोचवा. त्यातलं काय महत्त्वाचं ते तुम्ही ठरवू नका.

गुरुवारी अकराच्या सुमारास आई धावत व्हरांड्यात आली. आत गेलो तर चांगुणा पांढरीफटक पडली होती. ओठांना रंग नव्हता. कपाळावर थंडगार घाम. डॉक्टरांनी नाडी धरली, पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी आयाला बोलावलं, मला बाहेर काढलं, पडदा ओढला. थोड्या वेळाने हात पुसत बाहेर आले आणि मला ते नाव सांगितलं, कागदावर पेरू काढून.

मग आम्ही भरतीची वाट पाहिली.

खाट व्हरांड्यात आणली, कारण तिला आत गुदमरल्यासारखं होत होतं. पायथ्याखाली विटा लावल्या. डॉक्टर दर दहा मिनिटांनी येत, मिठाचं पाणी सुईने शिरेत घालत. ते जेवायला गेले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांच्यावर माझा काही आरोप नाही. व्हरांड्यातून खाडी दिसत होती. नुसता चिखल. होड्या कलंडून पडलेल्या. मी जन्मभर ओहोटी बघितली, पण त्या दिवसासारखी ओहोटी रेंगाळलेली कधी पाहिली नाही.

तिला तहान फार लागली होती. पाणी द्यायचं नाही असं सांगितलं होतं. आई ओला फडका ओठांना लावत होती. तीनच्या सुमारास तिने माझा हात धरला. "यानला नको कलवू," म्हणाली. यानला म्हणजे दाजींना. "मचव्यावर हायेत, उगा कालजी करतील." थोड्या वेळाने म्हणाली, "तू शालेत नाय गेलास?" मी म्हटलं, रजा आहे. ती म्हणाली, "पोरा हुंदडतील." तिचं हे शेवटचं बोलणं.

चार वाजून काही मिनिटांनी ती गेली. पाणी तेव्हा कुठे धक्क्याच्या पहिल्या पायरीला लागलं होतं.

दाजी आठ दिवसांनी आले. त्यांना काय आणि कसं सांगितलं ते मी लिहीत नाही. माणसाला आपण बाप होणार होतो हे आणि बायको नाही हे एकाच वेळी कळलं.

पुढच्या महिन्यात मी मुंबईला गेलो आणि हिराबाईला शोधून काढलं. एका गिरणीच्या कामगारांसाठी चालवलेल्या सूतिकागृहात ती होती. पांढरं लुगडं, पायात चपला, चेहरा थोडा भरलेला. मी तिला सगळं सांगितलं. माझा अर्ज न लिहिणंही सांगितलं. मी आमच्या बोलीत बोलत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. म्हटलं, परत ये. आता अर्ज लिहितो, पन्नास अर्ज लिहितो, कमिटीच्या दारात बसतो.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आय व्हती का खाटंजवल?"

"व्हती."

 तिने तो विषय तिथेच सोडला. परत येण्याबद्दल मात्र म्हणाली, "मास्तर, पाच वरसा तिथं रोज माजं हसं केलंय. आजाऱ्यानी नाय, शान्या मानसांनी. आता नाय येत. तू आनखी कोनाला तरी शिकव." आणि मला चहा पाजून तिने बोळवण केली. मला तिचा राग आला नाही. ती आमच्यासाठी पुरेशी थांबली होती. आम्हीच तिला थांब म्हटलं नाही.

मी अर्ज लिहिले. काही झालं, बरंच झालं नाही. आमच्या गावांतल्या दोन मुलींना मुंबईला नर्सिंग शिकायला पाठवायचं कमिटीने कबूल केलं. त्यातली एक गेली आहे. परत येईल तेव्हा तिला कुणी हसू नये यासाठी मी आताच लोकांशी भांडून ठेवतो आहे. शाळेत मुलं आमच्या बोलीत उत्तर देऊ लागली तर मी आधी त्यांना मारत असे. आता मारत नाही. हेडमास्तरांना हे आवडत नाही.

वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी आईला सगळं सांगायचं ठरवलं. वर्षभर मी तिच्यासमोर जेवत होतो आणि घास गिळवत नव्हता. ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, आय, त्या दिवशी डॉक्टरांनी मला एक गोष्ट विचारायला सांगितली होती, बायला. मी ती विचारली नाही. मी खोटं सांगितलं. आणि प्रश्न काय होता तो मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईपुढे तोंडाने उच्चारला.

तिचा हात सुपात थांबला.

"त्यानी ह्या इचारलेला?" ती म्हणाली.

"व्हय."

 मला वाटलं, आता ती उठून जाईल, किंवा सूप माझ्या अंगावर फेकेल. मी त्याची वाटच बघत होतो.

"मना ठावं व्हता," ती म्हणाली. "दोन म्हयनं वर गेलं व्हतं. चांगुनानी मना सांगलेला. तिसरा म्हयना लागंपरत कोनाला बोलाचा नाय, दिष्ट लागतं, म्हनून आमी गप व्हतो. थोडाथोडा अंगावरून जात पन व्हता. त्या पन मना ठावं व्हता."

 खाटेच्या उशाशी बसलेली माझी आई. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर.

"मग आय, तू बोल्ली का नाय?"

"डाक्तरानी नाडी धरलेली. मना वाटला, त्याला कलला आसंल," ती म्हणाली. मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराने तोंड झाकलं. पदराआडून म्हणाली, "आनि तू हुभा व्हतास ना रं तिथं. तुजेसमोर कशी बोलनार?"

म्हणून सांगतो. तुमची बहीण, भावजय, सून त्या खाटेवर असेल आणि डॉक्टर तुम्हाला असलं काही विचारायला सांगतील, तर लाज बाळगू नका, खोटं बोलू नका. आणि तेही जमत नसेल तर एखाद्या बाईला आत सोडा आणि बाहेर जा. दवाखान्याचा तो व्हरांडा खाटेपासून पाच पावलांवर होता. मी तेवढा गेलो असतो तर आईने सांगितलं असतं.